एकाची चढाई, सातांचा डाव

ठाणे शहरात पोखरण रस्त्याच्या आसपास वसलेल्या वर्तकनगराची घडण ज्या माणसांनी केली, ती बहुतांशी कोकणातून आणि घाटावरून पोटापाण्यासाठी आलेली, रेमंडच्या गिरणीत अथवा वागळे इस्टेटीतील कारखान्यांत पाळीने राबणारी माणसे होती. आणि गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींमधील अशा कुटुंबांच्या तरुण मुलांनी संध्याकाळी कोणता खेळ खेळावा, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते. जमीन झाडून, तिच्यावर पाणी मारून, चुन्याच्या चार रेषा ओढल्या की कबड्डीचे मैदान सिद्ध होत असे. मुंबईच्या गिरणगावापासून ठाणे, कल्याण, भिवंडीपर्यंतच्या साऱ्या श्रमिक पट्ट्यात हाच शिरस्ता होता, आणि त्या पट्ट्याने खेळाला दिलेल्या गड्यांची परंपरा कल्याणच्या गिरीश इर्नाकसारख्या डाव्या कोपऱ्याच्या कसलेल्या पकडपटूपर्यंत अखंड चालत आलेली आहे. परंतु या लेखाचा विषय पकड नसून चढाई आहे. आणि तीही एखाद्या चढाईबहाद्दराची नव्हे, तर संघाने आपल्या आक्रमणाची जी व्यवस्था लावायची, तिची.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डी खऱ्या अर्थाने पेशा झाली. खेळाडूंचा लिलाव होऊ लागला, मातीच्या जागी मॅट आली, संघांना मालक आले. आणि या घडामोडींबरोबरच एक जुना प्रश्न नव्या तीव्रतेने पुढे आला. आक्रमणाचा सारा भार एका असामान्य गड्याच्या खांद्यावर टाकून उरलेल्या सहांनी त्याला जिवंत ठेवण्याचे काम करावे, की तो भार तिघाचौघांत विभागून कोणाच्याही जाण्याने डाव मोडणार नाही अशी तजवीज करावी? पुढील दहा वर्षांत या दोन्ही पद्धतींनी अजिंक्यपदे मिळवली आणि दोन्ही पद्धती तोंडघशीही पडल्या. तरीही या दशकाचा वृत्तांत क्रमाने वाचणाऱ्याला त्यातला एक कल स्पष्ट दिसतो, आणि तो दिसावा म्हणूनच हा खटाटोप आहे.

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. हुतूतू या नावाने महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या खेळाला १९१८ साली नियमांची पहिली चौकट मिळाली, १९२३ साली ते नियम छापून निघाले आणि त्याच वर्षी बडोद्यास त्या नियमांनुसार सामने झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या खेळाचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांपुढे केले, आणि १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी पुढे या खेळासाठी जे आयुष्य वेचले, त्याची कृतज्ञता म्हणून त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व वाचकांना ठाऊकच असेल. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जुन्या काळी या खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते, आणि त्या तिन्हींत चढाईचे मोल वेगवेगळे होते.

अमर या प्रकारात गडी मारला गेला तरी मैदान सोडीत नसे, त्याच्या नावावर केवळ गुण मांडला जाई. तेव्हा तेथे सर्वोत्तम गड्याने वारंवार चढाई करावी, यात काहीच धोका नव्हता. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसून राही, त्यामुळे आपला मोहरा लवकर खर्ची पडू नये म्हणून त्याला जपून वापरण्याकडे कर्णधाराचा कल असे. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी उठून मैदानात येई. आजची सारी कबड्डी या संजीवनीचीच संतती आहे, आणि आक्रमणाच्या व्यवस्थेचा सगळा गुंता याच एका नियमातून जन्मला आहे. कारण या खेळात चढाई हे निव्वळ गुण मिळवण्याचे साधन राहत नाही, आपल्या मेलेल्यांना जिवंत करण्याचाही तो एक मार्ग असतो. पकडीनेही गडी उठतो हे खरे. पण पकडीची संधी शत्रू आपल्या घरी येईल आणि हात पुढे करील तेव्हाच मिळते, चढाईची वेळ मात्र आपली असते.

आता याचा हिशेब पाहावा. ज्या संघाची सारी मदार एकाच चढाईबहाद्दरावर आहे, तो संघ तो गडी मैदानात असेतो भराभर गुण मिळवतो, बाद झालेले सोबती उठवतो, प्रतिपक्षाचा सारा संघ बाद करून, म्हणजे लोण चढवून, दोन गुण अधिक पदरात पाडून घेतो. परंतु त्याची एकदा पकड झाली की तो बाकावर जाऊन बसतो, आणि त्याला उठवण्याची जबाबदारी नेमकी अशा गड्यांवर येते ज्यांना चढाईचा सराव नाही. बाकावरचे गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. त्यामुळे त्याच्या आधी दोघे बाद झाले असतील तर प्रतिपक्षाचे तीन गडी बाद झाल्याखेरीज तो परत येत नाही. चतुर प्रतिपक्ष अशा वेळी मुद्दाम काही करीत नाही. तो रिकाम्या चढाया करून वेळ काढतो, बचावात हात आखडता घेतो आणि त्या एका माणसाला बाकावर बसवून ठेवतो. चाळीस मिनिटांच्या सामन्यातील दहा मिनिटे जरी तो असा बसून राहिला, तरी त्याच्या असामान्यतेचा चौथा हिस्सा वाया गेला असे समजावे.

मातीवरच्या जुन्या कबड्डीत हा प्रश्न इतका टोकाला गेला नव्हता. महाराष्ट्रातील स्पर्धांत स्थानिक मंडळांचा एक गट आणि कचेऱ्या-कारखान्यांच्या संघांचा व्यावसायिक गट अशी विभागणी फार पूर्वीपासून होती. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक यांसारख्या संघांत चांगल्या गड्याला नोकरी मिळे आणि तो खेळासाठी मोकळा राही. या संघांच्या आक्रमणात दोन-तीन चढाईबहाद्दर असतच, कारण प्रत्येक संघात आपापल्या मंडळाचे नाव गाजवून आलेले गडी जमा झालेले असत आणि कोणी कोणापेक्षा फार मोठा नसे. १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत कबड्डीला पहिल्यांदा पदकाचा मान मिळाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघात असलेले अशोक शिंदे याच मुशीतून घडले होते. त्या काळी चढाई करणाऱ्याला दम पुरेतो रेंगाळता येई, गडी टिपण्याची संधी न दिसल्यास रिकाम्या हातांनी परतण्यात कमीपणा नव्हता, आणि दोन बलाढ्य संघ एकमेकांना जोखत कितीतरी वेळ गुणाविना काढू शकत. प्रेक्षकालाही ते मान्य होते.

नव्या व्यवस्थेने ही मुभाच काढून घेतली. चढाईला तीस सेकंदांची मुदत मुकरर झाली, आणि एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे अथवा बाद होणे एवढे दोनच पर्याय उरले. बचावात सहा किंवा अधिक गडी असताना बोनस रेषा ओलांडणाऱ्याला एक गुण, आणि तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाईबहाद्दराला धरले तर पकड करणाऱ्यांना एक जादा गुण, या तरतुदी त्याच्या जोडीला होत्या. वरकरणी हे नियम प्रेक्षकांच्या सोयीसाठी केलेले दिसतात. पण त्यांनी आक्रमणाची रचनाच बदलून टाकली, हे माझ्या मते अजून पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही. तिसरी चढाई कोणी करायची, हा प्रश्न २०१४ पूर्वी अस्तित्वातच नव्हता. मुख्य चढाईबहाद्दराने ती केली तर सावध बसलेल्या सात जणांच्या तोंडी आपला सर्वांत मौल्यवान गडी द्यावा लागतो. दुसऱ्याने केली तर गुण मिळण्याचा संभव कमी, पण बाद झाला तरी नुकसान मर्यादित. यातून एक नवीच जागा निर्माण झाली. जो संघाचा पहिला गडी नाही, पण ज्याची छाती संकटाच्या वेळी दबत नाही, अशा माणसाची ती जागा.

या जागेचे मोल पहिल्यांदा मुंबईच्या संघाने ओळखले. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात लीगचा पहिला सामना यू मुंबा आणि जयपूर यांच्यात झाला, तेव्हा मुंबईचा कर्णधार अनुप कुमार होता. त्याच्या चढाईत आडदांडपणा नव्हता. बोनस रेषेवर पाय टाकून सहज गुण उचलावा, कोपऱ्याच्या गड्याला मोहात पाडून हात लावावा आणि नसेल जमत तर शांतपणे परत यावे, असा त्याचा खाक्या. त्याच्या जोडीला शब्बीर बापू हा उंचापुरा चढाईबहाद्दर आणि मुंबईकर रिशांक देवाडिगा असे दोघे होते, आणि तिसरी चढाई बहुधा रिशांकच्या वाट्याला येई. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात जयपूरने त्यांना ३५–२४ असे हरवले. दुसऱ्या वर्षी त्यांनी बंगळुरूला ३६–३० असे नमवून अजिंक्यपद मिळवले. तिसऱ्या हंगामातही ते अंतिम सामन्यापर्यंत गेले. सलग तीन हंगाम अंतिम फेरी गाठणाऱ्या या संघाची पकडीची फळी भक्कम होती हे निःसंशय, परंतु तिघांत वाटलेल्या चढाईने त्या फळीला नेहमी भरलेले मैदान मिळवून दिले, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

तिसऱ्या हंगामाच्या त्या अंतिम सामन्यात, मार्च २०१६ मध्ये, पाटण्याने मुंबईला ३१–२८ असे हरवले, आणि या खेळाच्या इतिहासातील एका विलक्षण कारकिर्दीला आरंभ झाला. प्रदीप नरवाल हा एकोणीस वर्षांचा हरियाणाचा मुलगा आदल्या हंगामात बंगळुरूच्या संघात होता, पण तेथे त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. त्याची डुबकी पाहिलेल्या माणसाला ती विसरणे शक्य नाही. निदान रेषेच्या पलीकडे गेलेल्या चढाईबहाद्दराचा परतीचा मार्ग बंद करण्यासाठी हातात हात घातलेली साखळी पुढे सरकावी, त्याने तिच्याकडे पाठ फिरवावी असा भास व्हावा, आणि क्षणात कमरेत वाकून, छाती मॅटला जवळजवळ टेकवून, त्याने त्या जोडलेल्या हातांखालूनच मध्यरेषेकडे झेपावावे. ज्या साखळीने त्याला कोंडायचे, तिच्यातलेच दोघे-तिघे स्पर्श होऊन बाद व्हावेत. महाराष्ट्राच्या कबड्डीने पिढ्यानपिढ्या जी साखळी बचावाचे मुख्य शस्त्र म्हणून घोटली होती, तिलाच त्याने आपल्या गुणांचे उगमस्थान केले.

पाटण्याने त्याच्याभोवती सारी व्यवस्था उभी केली. तिसरा, चौथा आणि पाचवा असे लागोपाठ तीन हंगाम त्या संघाने जिंकले. २०१७ च्या पाचव्या हंगामात प्रदीपने एकट्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. हरियाणाविरुद्धच्या बाद फेरीच्या एकाच सामन्यात ३४ आणि त्यातल्या एकाच चढाईत सहाही बचावपटू टिपून लोणासह आठ. अंतिम सामन्यात गुजरातचा ५५–३८ असा पाडाव झाला, त्यात त्याचे १९ गुण होते. हे आकडे पाहून एका माणसाच्या जोरावर सारे साम्राज्य उभे राहते, असा निष्कर्ष लोकांनी काढला, आणि संघमालकांनी तर तो अधिकच घाईने काढला. त्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट अशी की, त्याच हंगामात पाटण्याचा दुसरा चढाईबहाद्दर मोनू गोयत याने एकशे नव्वदांहून अधिक गुण मिळवले होते. प्रदीप बाकावर बसला की त्याला उठवणारा हात मोनूचा होता. पुढच्या लिलावात हरियाणाने मोनूला १ कोटी ५१ लाखांना उचलले. हरियाणा आपल्या गटात तळाला राहिले, आणि मोनूला गमावलेला, पण प्रदीपला राखलेला पाटण्याचा संघही त्या वर्षी बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. एकमेकांचे पूरक असलेले दोन गडी विलग केले की दोघांचेही मोल घटते, हे सांगणारे इतके बोलके उदाहरण या दशकात दुसरे नाही.

तरीही एकनायकी पद्धतीचे दिवस अजून सरले नव्हते. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत झालेल्या सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत बंगळुरू गुजरातच्या मागे होते. उत्तरार्धात पवन सेहरावतने सामन्याचा सारा नूर पालटला, आणि संघाच्या ३८ गुणांपैकी २२ एकट्याने मिळवून अजिंक्यपद खेचून आणले. त्याच हंगामात कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून पदार्पणातच २१८ गुण घेऊन गेला. भरदार अंगाच्या या मराठी गड्याने पकडलेल्या स्थितीत तिघांना ओढत मध्यरेषा गाठावी आणि त्याच्या गावाकडच्या लोकांनी दूरचित्रवाणीसमोर जल्लोष करावा, हे दृश्य आम्हा सर्वांनाच सुखवणारे होते. पुढच्या लिलावात हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने तेथेही दोनशेंहून अधिक गुण मिळवले. संघ मात्र बारा संघांत खालच्या टोकाला राहिला. गड्याने आपले काम चोख केले आणि तरी संघ हरत राहिला. याचा दोष गड्याकडे जात नाही. त्याच्या भोवती दुसरा हात उभा न करणाऱ्या रचनेकडे जातो.

या सुमारास बाहेरूनही एक धक्का बसला. १९९० पासून पुरुषांच्या प्रत्येक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारताला २०१८ साली जकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणने २७–१८ असे हरवले, आणि महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच २७–२४ असा विजय मिळवला. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, ही आपल्या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या मैदानांवर मुरलेले ज्ञान परक्या भाषेतील मुलींपर्यंत नेऊन त्यांनी ज्या देशाला विजयी केले, त्याच देशाच्या पुरुष गड्यांनी भारतीय लीगमध्ये येऊन एकट्या नायकाला कोपऱ्यात कसे बसवावे याचा धडा घालून दिला होता. डुबकी मारणाऱ्यापुढे साखळी घाईने न नेणे, हात खाली ठेवून कमरेच्या उंचीवर वाट अडवणे, कोपऱ्याने घोटा धरल्यावर बाकीच्यांनी क्षणभर थांबून मग तुटून पडणे. असल्या साध्या पण शिस्तीच्या उपायांनी हळूहळू एकनायकी चढाईची धार कमी होत गेली. त्याच वर्षाच्या आरंभी हैदराबादेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. कल्याणचा गिरीश इर्नाक त्या संघात होता. त्या विजयाचा आनंद ठाणे जिल्ह्यातील मंडळांनी मनसोक्त साजरा केला.

मग १९ ऑक्टोबर २०१९ चा, अहमदाबादचा अंतिम सामना आला. बंगालच्या संघाचा कर्णधार आणि प्रमुख चढाईबहाद्दर मणिंदर सिंग दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता, आणि समोर दिल्लीकडे नवीन कुमार हा त्या हंगामातला सर्वांत सातत्याने गुण घेणारा तरुण होता. नवीनने आपला भाग पूर्णपणे उचलला, १८ गुण मिळवले. आणि तरी दिल्ली ३९–३४ अशी हरली, कारण बंगालचे प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी मणिंदरची जागा कोणा एकाला न देता ती इराणच्या मोहम्मद नबीबक्ष आणि सुकेश हेगडे यांच्यासह साऱ्यांत वाटून दिली होती.

या प्रसंगाची आठवण झाली की मला अमेरिकेतील एका दूरच्या घटनेचे स्मरण होते. तेथील व्यावसायिक फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा, चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या मुलखात इंच इंच घुसण्याचा खेळ आहे, आणि आक्रमणाच्या पद्धतींवर तेथे जेवढा विचार झाला तेवढा क्वचितच कोठे झाला असेल. ग्रीन बे गावच्या संघाचे गुरू व्हिन्स लोंबार्डी यांनी १९६० च्या दशकात एकच धावता डाव सर्वांना इतका घोटून शिकवला की तो ओळखूनही प्रतिपक्षाला अडवता येत नसे, आणि त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळवली. परंतु आपल्या विषयाला जवळची कथा बिल वॉल्श यांची आहे. सिनसिनाटीच्या संघात ते साहाय्यक असताना लांब फेकीचा उमदा खेळाडू ग्रेग कुक खांद्याच्या दुखापतीने निकामी झाला, आणि व्हर्जिल कार्टर या तुलनेने दुर्बळ हाताच्या खेळाडूवर काम भागवण्याची पाळी आली. वॉल्श यांनी लांब फेकींचा नाद सोडून आखूड, अचूक, अनेक सोबत्यांत वाटलेल्या फेकींची पद्धत रचली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ती परिपूर्ण करून तीन अजिंक्यपदे जिंकली आणि पहिले पंधरा-वीस डाव आधीच लिहून ठेवण्याचा परिपाठ घातला. नायकाच्या गैरहजेरीतून पद्धत जन्मली, आणि पद्धतीने नंतर नायकांनाही मोठे केले. फरक एवढाच की, त्यांच्या खेळात अकरा जण एकाच वेळी हलतात, म्हणून पद्धत त्या हालचालीत वसते. कबड्डीचा चढाईबहाद्दर मध्यरेषा ओलांडली की एकटाच असतो. म्हणून आपली पद्धत कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या क्षणी जायचे, या निवडीत वसते, आणि ती निवड प्रेक्षकांच्या नजरेस सहसा येत नाही.

दिल्लीने तो पराजय व्यर्थ जाऊ दिला नाही. साथीच्या काळात, बंगळुरूच्या प्रेक्षकहीन मैदानात झालेल्या आठव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी पाटण्याला ३७–३६ असे हरवले. नवीनचे १३ आणि विजय मलिकचे १४ गुण होते. पुढच्या हंगामात तमिळनाडूच्या संघाने पवनसाठी २ कोटी २६ लाख मोजले आणि तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. संघ रसातळाला जाईल असे सर्वजण धरून चालले असता नरेंदर या नवख्या मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला प्रथमच उपांत्य फेरीत नेले. पवन बरा होऊन पुन्हा लिलावात आला तेव्हा तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारसाठी लागली होती, हे येथे आठवावे. पवनने दोनशेंहून अधिक गुण मिळवले, आणि संघाने बावीस सामन्यांत दोनच जिंकले.

त्याच दहाव्या हंगामात पुण्याचा संघ गुणतक्त्यात पहिला आला. त्याने बावीसपैकी केवळ दोनच सामने गमावले, आणि त्याचा एकही गडी चढाईच्या गुणांत पहिल्या पाचांत नव्हता! प्रशिक्षक बी. सी. रमेशच होते; बंगालमध्ये प्रसंगवशात् जे करावे लागले ते पुण्यात त्यांनी पहिल्या दिवसापासून योजून केले. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते हे तीन चढाईबहाद्दर आलटूनपालटून जात. आकाश शिंदे चौथा. यांतला कोण केव्हा येईल याचा अंदाज प्रतिपक्षाला नसे, आणि कोणाचीही पकड झाली तरी पुढची चढाई त्याच दर्जाची होई. शिवाय अस्लम आणि मोहित पकडीतही हात घालीत, ज्यामुळे चढाई आणि पकड यांच्यामधली भिंतच पातळ झाली. मोठी रक्कम, २ कोटी ३५ लाख, त्यांनी चढाईबहाद्दरावर न लावता इराणच्या मोहम्मदरेझा शादलुई या अष्टपैलू कोपऱ्यावर लावली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना २८–२५ असा अटीतटीचा झाला, आणि त्यात निर्णायक ठरली ती पंकज मोहितेची एकाच चढाईत चार गुण आणणारी झेप. हंगामभर तिसऱ्या क्रमांकाच्या छायेत राहिलेल्या गड्याने तो क्षण साधावा, यात मला या पद्धतीचा खरा गौरव दिसतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबरला, पुण्याजवळ बालेवाडीत अकराव्या हंगामाचा निकाल लागला. पाटण्याच्या देवांक दलालने हंगामात ३०१ गुण मिळवून प्रदीपच्या दिवसांची आठवण जागी केली होती. अंतिम सामन्यात हरियाणाने त्याला पाचांवर रोखले आणि ३२–२३ असा विजय मिळवला. विजयी बाजूला महाराष्ट्राच्या शिवम पटारेचे नऊ गुण सर्वाधिक होते, शादलुई आता त्या संघात होता, आणि प्रशिक्षक होते मनप्रीत सिंग; ज्यांनी २०१६ साली स्वतः प्रदीपच्या पाटणा संघाचे कर्णधारपद भूषवले होते आणि गुजरातचे प्रशिक्षक म्हणून पुढे प्रदीप व पवन या दोघांच्याही हातून अंतिम सामने गमावले होते. एकट्या नायकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या माणसाइतकी जवळून कोणी पाहिली नसेल.

आणि पुणे? अकराव्या हंगामात अस्लमला दुखापत झाली, शादलुई गेला होता, आणि गतविजेता संघ आठव्या स्थानावर घसरला. तेराव्या-चौदाव्या गड्यापर्यंत तोलून मापून भरलेल्या संघातही एक कर्णधार असा असतो की जो चढायांचा क्रम लावतो, आणि तो गेला की चढाया उरतात पण क्रम हरवतो. २०२५ मध्ये अस्लम परतला, संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला, आणि दिल्लीकडून ३१–२८ असा तीन गुणांनी हरला. वर्तकनगरापासून डोंबिवलीपर्यंतच्या मंडळांत जी मुले आज मॅटवर सराव करतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना प्रदीप किंवा पवन व्हायचे असते, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या प्रशिक्षकांनी सरावाच्या सामन्यांत आपला सर्वोत्तम चढाईबहाद्दर मुद्दाम दहा मिनिटे बाकावर बसवावा, तिसरी चढाई दर वेळी वेगळ्या मुलाला द्यावी, आणि कोपऱ्यावर खेळणाऱ्यालाही आठवड्यातून एक दिवस केवळ चढाया करायला लावाव्यात, असे मला मनापासून वाटते.